केल्बीचा चिखल

"डाग? डाग म्हणतोस तू त्याला?" क्लिफने जर्सी जेवणाच्या टेबलावर आपटली. "अरे, माझ्या बापाची ट्राय होती ती! चाळीस वर्षं टिकली होती. खाण बंद पडली, बाप गेला, तरी ती होती. आणि या घरात चार दिवस ठेवली तर धुऊन निघाली!"

"मी एवढंच म्हटलं, की डाग गेला म्हणून जर्सी काही फाटलेली नाही," रसेल म्हणाला. "ओरडू नका, बाबा."

"ओरडू नको? बायकोला विचार आधी तुझ्या."

"मी हात लावलेला नाही," जॅनीन म्हणाली. ती सुऱ्या-काटे मांडत होती. हातातला शेवटचा काटा तिने मांडला नाही, तसाच धरून ठेवला.

"मग ती काय स्वतः चालत गेली बादलीकडे?"

"मला ती कुठे ठेवलीय तेसुद्धा माहीत नव्हतं, क्लिफ."

"आमचं नाक कुठून कापायचं ते केल्बीवाल्यांना सांगावं लागत नाही, पोरी. पिढ्यान् पिढ्या सराव आहे तुमचा."

क्लिफची बायको मेव्हिस शेगडीपाशी पाठ करून उभी होती. ती ग्रेव्ही ढवळत होती. मघाशी क्लिफ जिना उतरून आला, हातात ती स्वच्छ, घडी मोडलेली जर्सी, आणि "कुणी धुतली ही?" असं त्याने विचारलं, तेव्हा तिने तोंड उघडलंही होतं. पण प्रश्न विचारता विचारताच त्याची मान जॅनीनकडे वळली. आणि मेव्हिस पुन्हा पातेल्याकडे वळली. ढवळणं थांबवलं तर गुठळ्या होतात. त्या एका क्षणी तिला खरोखर गुठळ्यांचीच काळजी वाटली होती, आणि पुढे कितीतरी दिवस हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त टोचत राहिली.

जॅनीनने मान वर करून जर्सीकडे पाहिलं. रग्बीची जर्सी, निळे-पिवळे आडवे पट्टे, पांढरी कॉलर. मग तिने मेव्हिसच्या पाठीकडे पाहिलं. पाठीला डोळे नसतात, पण मेव्हिसला ती नजर कळली. कारण शुक्रवारी दुपारी बेकरीतून लवकर सुटून जॅनीन घरी आली, तेव्हा स्वयंपाकघराच्या छताला टांगलेल्या रॅकवर हीच जर्सी निथळत होती. "अगं बाई, किती छान निघालीय! कुणाची हो?" असं तिने विचारलं होतं. "जुनी आहे एक," मेव्हिस म्हणाली होती.

आता जॅनीनला कळलं कुणाची ते. काटा ताटाशेजारी ठेवून ती वर खोलीत गेली. मांसाबरोबर खायची पुडिंगं फुगून तयार होती. तिघंच जेवायला बसले आणि जर्सी चौथ्या खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवली होती.

थॉर्नरॉइडमध्ये मेव्हिसला न ओळखणारा माणूस नव्हता, पण तिला कुणी काही विचारत असेल असं नाही. गावच्या रग्बी क्लबचे कपडे धुणारी बाई एवढीच तिची ओळख. दर शनिवारी सामना संपला की दोन गोणपाटाच्या पिशव्या मागच्या दाराशी येऊन पडत. तेरा जणांच्या आणि राखीव खेळाडूंच्या जर्स्या, चड्ड्या, मोजे. कोळशाची भुकटी कशाने जाते, गवत कशाने, रक्त कशाने, हे ती खाण-कामगाराच्या घरात जन्मून शिकलेली होती. पण तिला आणखीही बरंच कळे. कुणाच्या खांद्यावर माती आहे, कुणाच्या पाठीवर आणि कुणाची जर्सी जशी गेली तशीच परत आलीय, यावरून कोण अंगावर आलेल्या माणसाला भिडला आणि कोण लांबून पळत राहिला हे तिला पिशवी उपसतानाच समजे. एकदा केल्बीविरुद्धच्या सामन्यात रसेलची जर्सी अशी कोरी आली होती. तिने ती टबात इतरांच्या खाली दाबली आणि क्लिफला कधी सांगितलं नाही.

क्लिफचं सगळं डोकं मागच्या काळात. तो क्लबचा इतिहासकार, हे पद त्याने स्वतःच घेतलेलं आणि कुणी काढून न घेतलेलं. नाताळाआधी क्लबात जी प्रश्नमंजूषा होते तिचे प्रश्न तोच काढी. सामन्यापायी मजुरी बुडते तिची भरपाई खेळाडूंना द्यायची की नाही यावरून उत्तरेचे क्लब कुठल्या साली, कुठल्या हॉटेलात फुटून निघाले. संघात पंधराचे तेरा खेळाडू कधी झाले. ओड्सलच्या मैदानात लाखाहून जास्त माणसं कुठल्या सामन्याला घुसली. हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. घरातल्या भांडणातही तो हीच हत्यारं काढी. मेव्हिस म्हणाली की नळ गळतोय, तर हा म्हणे, "ट्रायला तीन गुण होते तेव्हापासून गळतोय तो."

आणि त्या सगळ्या इतिहासाच्या वर त्याच्या बापाची, हर्बर्टची जर्सी. नाताळच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या केल्बी गावाशी सामना ही पहिल्यापासूनची रीत. त्या वर्षी तो केल्बीच्या मैदानात होता. पाऊस, अंधारून आलेलं, तीन-दोन असे मागे, आणि शेवटच्या मिनिटांत हर्बर्ट चार माणसं अंगावर घेऊन गोलरेषेपलीकडे घसरत गेला आणि बॉल जमिनीला टेकवला. हीच ती ट्राय, तीन गुणांची. पाच-तीन. घरी आल्यावर बायकोने जर्सीसाठी हात पुढे केला, तर तो म्हणाला, "ही नाही." तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला. केल्बीचा चिखल छातीवर वाळून कडक झालेला. हर्बर्ट गेल्यावर ती क्लबात काचेच्या पेटीत गेली आणि थॉर्नरॉइडचं प्रत्येक पोर संघात आलं की पहिल्या सामन्याआधी त्या काचेला बोटं लावून मैदानात उतरू लागलं. त्या चिखलाला. जर्सीला नव्हे.

हर्बर्टची बायको म्हणजे मेव्हिसची सासू. तिने एकदाच, बटाटे सोलता सोलता म्हटलं होतं, "सगळा हिवाळा वास यायचा गं. मी तिथेच पाव-पुडिंगं करायची." आणि लगेच दाराकडे पाहिलं होतं, कुणी ऐकलं का म्हणून.

यंदा पेटीची काच तडकली. सुतार नवी बसवेपर्यंत क्लिफने जर्सी घरी आणली, पातळ कागदात गुंडाळून वरच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. मेव्हिस शुक्रवारी तिथे डांबराच्या गोळ्या ठेवायला गेली, कारण कपाटात कसर लागली होती. कागद उघडला, तर उशांच्या धुतलेल्या अभ्र्यांवर माती सांडली. तिने माती झटकली. आणखी सांडली. मग तिने जर्सी नाकाशी नेली.

खाली मुलांच्या संघाचे कपडे भिजतच होते. ही तिने वेगळी भिजवली, गार पाण्यात, मूठभर मीठ घालून. पहिलं पाणी राखाडी निघालं. ते पाहून ती थांबू शकली असती, अर्ध्यावर. तिने दुसरं पाणी घेतलं, साबणाचा चुरा घातला आणि कॉलर दोन्ही मुठींत धरून चोळली. आणि गुणगुणत होती. क्लिफला कळणार नाही असं तिला वाटलं का? नाही. कळणारच होतं. चुकून झालं का? तेही नाही. या गावातली प्रत्येक जर्सी तिच्या हाताखालून गेली होती आणि ही एकटी तिच्या डोक्यावर टांगलेली. त्या दुपारी हाताला किती बरं वाटलं होतं, हे ती कुणाला कसं सांगणार होती?

सोमवारपर्यंत गावाला कळलं की क्लिफच्या केल्बीच्या सुनेने हर्बर्टची ट्राय धुतली. क्लिफने फक्त क्लबच्या सेक्रेटरीला, डेरेकला सांगितलं होतं, पण डेरेकला सांगणं म्हणजे चौकात ओरडणंच. कोणीतरी कपडे धुण्याच्या पावडरीचा खोका दारात आणून ठेवला, वर लाल फीत बांधून. रसेल सरावाला गेला तर पोरांनी त्याच्या अंगावर मोजे फेकले. "घरी ने रे, तुझ्या बायकोला विचार आमचेपण धुईल का!" तो घरी आला आणि जॅनीनला म्हणाला, "एकदा माफी मागून टाक ना. काय जातं तुझं?"

"न केल्याची?"

"केली नाहीस तर मग कुणी केली? आईने?" आणि तो हसला.

मेव्हिस तिथेच इस्त्री करत होती. जॅनीनही हसली, अगदी थोडं, आणि म्हणाली, "मी आईकडे जाऊन येते जरा." त्या आठवड्यात ती दोनदा केल्बीला राहून आली. दुसऱ्या वेळी तिने हिवाळी बूटही नेले.

बेकरीतलं मेव्हिसने स्वतः ऐकलं. ती रांगेत मागे होती आणि पुढची बाई जॅनीनला म्हणाली, "एक मोठा पाव दे गं. आणि हात धुऊन दे. नाही, राहू दे बाई, तू फार धुतेस." रांग हसली. जॅनीनने पाव कागदात गुंडाळून दिला, "थँक्यू" म्हणाली. मेव्हिस पाव न घेताच बाहेर पडली.

बुधवारी ती क्लिफच्या भाजीच्या वाफ्यावर गेली. सांगायचंच असं ठरवून गेली. तो शेडमध्ये उलट्या बादलीवर बसला होता, समोर प्रश्नमंजूषेचे कागद, एकही प्रश्न लिहिलेला नाही.

"क्लिफ, त्या जर्सीचं—"

"मला जॅनीनचा राग नाही खरं तर," तो म्हणाला. "बोललो मी तिला, पण राग नाही. ती त्यांच्यातली आहे. तिने नाही करायचं तर कुणी? उलट तिच्या जागी मी असतो तर मीही..." त्याने नाक ओढलं. "पण आपल्यातल्या कुणी केलं असतं ना, मेव्हिस, तर मला काही उरलंच नसतं. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही. लीक घेऊन जाते दोन, सूपला."

कांद्याच्या जाड पातीसारखी ती दोन लीक घेऊन ती घरी आली. त्याचं सूप केलं. ते तिला गिळवेना, पण तिने पिऊन टाकलं. टाकून देणं तिच्या रक्तात नव्हतं.

मग गुरुवारी तिने जॅनीनलाच गाठलं. दोघी रात्रीच्या जेवणासाठी ब्रसेल्स स्प्राउट निवडत होत्या, त्या लिंबाएवढ्या कोब्या.

"तू सांगितलं का नाहीस त्यांना?" मेव्हिसने विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की तिलाच लाज वाटली.

"मी सांगून कोणी ऐकलं असतं?"

"मी नाकारलं नसतं."

"खरंच?" लवकर शिजावी म्हणून जॅनीनने कोबीच्या देठाला सुरीने फुली मारली. "रविवारी तुम्ही मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, मेव्हिस."

मेव्हिसने पुढची कोबी उचलली.

"मी काय, मी तशीही केल्बीची," जॅनीन म्हणाली. "मला दोन शिव्या जास्त पडल्या तर काय फरक पडतो? तुम्हाला जन्मभर इथेच राहायचंय. म्हणून गप्प बसले. पण मला हे आवडत नाहीये, एवढं सांगून ठेवते. आणि रसेलने मला माफी मागायला सांगितलं, ते तर मी विसरणार नाही. नाताळ झाला की मी आईकडेच राहणार आहे. त्याला यायचं तर येईल."

"अगं, पण—"

"सोला तुम्ही. पाणी उकळलंय."

शुक्रवारी क्लिफला युक्ती सुचली. तो आठवड्यात पहिल्यांदाच शिट्टी वाजवत घरात आला.

"चिखल परत लावायचा," तो म्हणाला. "बापाचा तेव्हाचा फोटो आहे आपल्याकडे. कुठे किती होता ते सगळं दिसतं. सुतार रविवारी पेटी देतोय. मंगळवारी सामना. नव्या काचेत कोण बघणार?"

"डेरेक बघेल," रसेल म्हणाला.

"डेरेकला सांगायचं की धुतलीच नव्हती, घरचं भांडण होतं, मी चिडून काहीतरी बोललो. लाज माझी जाईल, जाऊ दे. पण चिखल पाहिजे तो केल्बीचाच. आपली माती काळी, खाणीची. त्यांची नदीकाठची, पिवळट राखाडी. आपली लावली तर लहान पोरसुद्धा ओळखेल." मग तो जॅनीनकडे वळला, त्या रविवारनंतर पहिल्यांदा थेट. "तुझे वडील मैदान बघतात ना तिथलं? तू धुतलीस, तूच आण. मग मी पुन्हा हा विषय काढणार नाही. शब्द देतो."

मेव्हिसच्या हातात चहाची किटली होती. आता, ती स्वतःला म्हणाली. आत्ता. पण जॅनीनने खांदे उडवले, कोट घातला आणि निघालीसुद्धा. आणि मेव्हिसने चहा ओतला. चार कप ओतले, एक जास्तच.

जॅनीन दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी परत आली. तिच्या हातात आइसक्रीमचा मोठा डबा होता, झाकण दोऱ्याने बांधलेलं. तिने तो टेबलावर ठेवला. डोळे सुजलेले होते.

"दिला त्यांनी?" क्लिफने झाकण उघडून बोट घातलं, चोळून पाहिलं. "वा! हाच रंग. नदीकडच्या बाजूचा आहे ना?"

"बाबांनी स्वतः खणून दिला. गोलच्या खांबांपाशी, जिथे हर्बर्ट पडला होता तिथे. बाबा तेव्हा लहान होते, कुंपणावर बसून बघत होते म्हणे."

"नॉर्मनने पाहिली होती ती ट्राय?" क्लिफचा आवाज बदलला. "कधी बोलला नाही!"

"तुमच्याशी कशाला बोलतील? ते म्हणाले, ट्राय खरी होती. केल्बीत सगळे म्हणतात बॉल निसटला होता, पण मी पाहिलंय, खरी होती."

"आणि हसला असेल मनसोक्त. चिखल कशाला हवाय ते ऐकून."

"नाही हसले." जॅनीनने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. "मला वाटलं हसतील. मी म्हटलं, मी हर्बर्टची जर्सी धुतली, त्यासाठी हवाय. तर ते फावडं टेकून उभे राहिले. म्हणाले, त्यांना शिव्या दे, हरव त्यांना, त्यांच्या बसवर अंडी फेक. पण असं नाही करायचं गं, जॅनीन. माणसाची ट्राय होती ती. मग म्हणाले, त्यांना सांग, आम्ही तुला असं शिकवलेलं नाही."

रसेल खिडकीकडे बघू लागला.

"चांगला माणूस आहे नॉर्मन," क्लिफ शेवटी म्हणाला आणि खरोखर मनापासून म्हणाला. त्याने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, जर्सी त्यावर छाती वर करून घातली, शेजारी फोटो टेकवला. रंगाचा ब्रश डब्यात बुडवला. "आता बघ, डाव्या खांद्यापासून सुरुवात. इथे जाड. कोपराकडे पातळ होत गेलेला. रसेल, दिवा लाव."

मेव्हिसने जॅनीनकडे पाहिलं. पोरगी बेसिनपाशी नखांतली माती काढत होती. मान खाली. स्वतःच्या बापाच्या नजरेतून उतरून आली होती ती, केल्बीच्या बापाच्या, थॉर्नरॉइडच्या जर्सीपायी. आणि येताना डबा सांडू नये म्हणून बसमध्ये मांडीवर धरून आणला होता, तिच्या कोटाच्या पुढच्या भागावर त्याची गोल खूण उमटली होती.

क्लिफने ब्रश खांद्याजवळ नेला. मेव्हिस पुढे झाली, तिने जर्सी टेबलावरून उचलली. ओला ब्रश वर्तमानपत्रावर टेकला.

"अगं, काय करतेस? वाळायला वेळ लागतो!"

"ती मी धुतली," मेव्हिस म्हणाली.

"काय?"

"मी धुतली. मागच्या शुक्रवारी. गार पाण्यात, मिठात, मग साबणाने. चुकून नाही."

क्लिफ हसू लागला, रसेल परवा हसला होता तसाच. मग त्याने तिचं तोंड पाहिलं आणि तो हळूच खुर्चीत बसला. ब्रशमधून चिखलाचा थेंब त्याच्या पॅंटवर पडला. त्याला तो दिसलाही नाही.

"आई," रसेल म्हणाला, "तू मग एवढे दिवस..."

"हो. एवढे दिवस. तू तिला माफी मागायला सांगितलंस तेव्हा मी इस्त्री करत होते. आता तुझं तू बघ, तिच्याशी."

"का पण?" क्लिफने विचारलं. एवढंच. त्याच्या आवाजात राग असता तर तिला सोपं गेलं असतं. "मेव्हिस, का?"

"घाण होती म्हणून," ती म्हणाली. आणि मग, तो ऐकणार नाही हे माहीत असूनही, "तुझ्या आईने पण धुतली असती, क्लिफ. तिला कुणी दिली नाही."

क्लिफ बापाच्या फोटोकडे बघत राहिला. जॅनीनने नळ बंद केला, हात पुसले. तिने मेव्हिसला सोडवलं नाही आणि मेव्हिसला ते बरोबरच वाटलं.

मेव्हिसने जर्सीची घडी घातली, बाह्या आत, कॉलर वर.

"उद्या सकाळच्या बसने मी केल्बीला जातेय," ती म्हणाली. "नॉर्मनला सांगायला की त्याच्या मुलीने काही केलेलं नाही. तिथून येताना डेरेककडे जाईन आणि त्यालाही सांगेन, म्हणजे गावाला वेगळं सांगायला नको. जर्सी पेटीत जाईल ती अशीच जाईल. त्यानंतर मला घरात ठेवायचं की नाही ते क्लिफ, तू ठरव. जेवायला कोण कोण आहे तेवढं सांगा."